डायरीतली पस्तीस मिनिटे: ठाण्यातील एका पोलीस तक्रारीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीने लिहिले आहे. पोलीस ठाणे, सोसायटी आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. विधी स्वयंसेवक म्हणून कागदपत्रांचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे बराचसा मजकूर त्या कागदांवरून आणि सुनावणीत जे ऐकले त्यावरून घेतला आहे.

पार्श्वभूमी

मुलगा २२ वर्षांचा. वागळे इस्टेटच्या बाजूला एका चाळीत आईबरोबर राहणारा. आई एका पोळीभाजी केंद्रात कामाला, मामा रिक्षा चालवतात. मुलगा मोबाइलच्या ॲपवरून घरपोच सामान पोचवण्याचे काम करत होता. दिवसाची सगळी कमाई त्या एका फोनवर आणि हप्त्यावर घेतलेल्या स्कूटरवर.

एका शनिवारी रात्री घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या सोसायटीत त्याची आणि एका रहिवाशाची बाचाबाची झाली. कारण लिफ्टचे होते. सामान पोचवणाऱ्यांनी मागच्या लिफ्टने जायचे असा तिथला नियम, आणि ती लिफ्ट त्या रात्री बंद होती. शब्दाला शब्द लागला, धक्काबुक्की झाली. रहिवाशाने ११२ ला फोन लावला. साडेदहाच्या सुमारास पोलिसांची गाडी आली आणि मुलाला पोलीस ठाण्यात घेऊन गेली. त्याची स्कूटर एका अंमलदाराने चालवत नेली.

इथपर्यंत कुणाचाच वाद नाही. वाद पुढच्या दहा तासांचा आहे.

नेमकी अडचण

मुलाचे म्हणणे असे: त्याला रात्रभर आतल्या खोलीत बसवून ठेवले, कानशिलात मारली, तळपायावर पट्ट्याने मारले, फोन काढून घेतला आणि रविवारी सकाळी साडेआठला सोडले. फोन दिला नाही. मामांना बाहेर कुणीतरी सांगितले, "चहापाण्याचं बघा, मग फोन मिळेल."

पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्यातल्या घडामोडींच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद अशी: रात्री ११.१० ला आणले, समज दिली, ११.४५ ला सोडले. मुलावर एक अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी. अटक नाही, त्यामुळे अटकेचा पंचनामा नाही, वैद्यकीय तपासणी नाही, नातेवाइकांना कळवल्याची नोंद नाही. फोन जप्त केल्याचा कागदही नाही.

कायदेशीर अडचण इथेच सुरू होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, अटकेभोवती बरीच कुंपणे आहेत. कलम ३६ प्रमाणे अटकेचे ज्ञापन (लेखी टिपण) साक्षीदाराच्या सहीने करायचे, कलम ४७ प्रमाणे कारण सांगायचे, कलम ४८ प्रमाणे नातेवाइकाला कळवायचे, कलम ५८ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेल्याशिवाय २४ तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाही. कोठडीतल्या अत्याचारांबद्दलच्या डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिलेली बंधने आता कायद्यात उतरली आहेत. पण ही सगळी कुंपणे अटक झाली असे कागदावर आले तरच उपयोगी पडतात. 'नुसते बोलावून घेतले, समज दिली, सोडले' असे लिहिले की माणूस त्या रात्रीपुरता कायद्याच्या नजरेतून गायब होतो. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात रिक्षावाले, फेरीवाले, सामान पोचवणारी मुले यांच्या तक्रारी ऐकताना मला सगळ्यात जास्त वेळा हीच गोष्ट दिसते. कोठडीतले मृत्यू बातमीत येतात आणि यायलाच हवेत. पण नोंद नसलेली ही एकेक रात्र कुठल्याही आकड्यात येत नाही.

त्या रात्री आईने काय केले

सोबतच्या एका मुलाने पावणेबाराला आईला कळवले. साडेबाराला आई आणि मामा रिक्षाने पोलीस ठाण्यात पोचले. ठाणे अंमलदार, म्हणजे तिथे ड्यूटीवर असलेले पोलीस, म्हणाले, "मावशी, घरी जा. पोरगं सकाळी येईल." मुलगा आत आहे का, या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर त्यांनी दिले नाही.

यानंतर दोन गोष्टी घडल्या. दोन्ही सहज सुचलेल्या, कुणी वकिलाने शिकवलेल्या नव्हेत. मामांनी आवारात उभ्या असलेल्या मुलाच्या स्कूटरचा फोटो काढला. मागे पोलीस ठाण्याची पाटी दिसत होती. फोटोची वेळ १.२० होती. आणि दोन वाजून पाच मिनिटांनी आईने पोलीस ठाण्याच्या फाटकाबाहेर उभे राहून ११२ ला फोन केला: "माझा मुलगा इथे पोलीस ठाण्यात आहे, मला भेटू देत नाहीत."

पोलिसांची तक्रार पोलिसांच्याच क्रमांकावर करून काय मिळणार, असे मामांना वाटले. त्या रात्री खरोखर काही मिळाले नाही. गाडी आली नाही, आतून एक हवालदार येऊन ओरडून गेला. पण ११२ चा कॉल स्थानिक पोलीस ठाण्यात जात नाही. राज्याचे मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे येथे आहे, तिथे तो घेतला जातो, त्याला क्रमांक पडतो आणि मग तो पुढे पाठवला जातो. म्हणजे ज्या कागदावर स्थानिक पोलीस ठाण्याचा हात पोचत नाही असा एक कागद आईने नकळत तयार केला होता.

समोरचे मार्ग

कुटुंब आमच्याकडे सोमवारी संध्याकाळी आले. रविवार मुलाने झोपून काढला होता. कान दुखत होता आणि कुणाशी बोलायचे नव्हते. मंगळवारी सकाळी सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. डाव्या कानाच्या पडद्याला छिद्र, तळपायावर वळ उतरत आलेले. डॉक्टरांनी 'पोलीस ठाण्यात मारहाण' हा मुलाने सांगितलेला इतिहास केसपेपरवर जसाच्या तसा लिहिला. तसा लिहायचा आग्रह धरावा लागतो, इथे धरावा लागला नाही.

वकील ताई जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. म्हणून अर्ज आईच्या नावाने केला. त्यांनी पाच वाटा मांडल्या.

पहिली, खात्यातली: वरिष्ठ पोलीस निरीक्षक, सहायक आयुक्त, उपायुक्त, आयुक्त. वेगवान, फुकट, पण चौकशी करणारे त्याच साखळीतले.

दुसरी, न्यायदंडाधिकारी. गुन्हा नोंदवून घ्यायला संहितेच्या कलम १७५ खाली अर्ज करता येतो. पण कर्तव्यावर असताना केलेल्या कृत्याबद्दल लोकसेवकाविरुद्ध अर्ज असेल तर नव्या संहितेत न्यायदंडाधिकाऱ्यांनी आधी वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे पाहायचे आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १६१: पोलिसाने अधिकाराच्या आवरणाखाली केलेल्या कृत्याबद्दल खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल व्हायला हवा. ते हुकले तर घटनेपासून दोन वर्षांपर्यंत खटला दाखल होऊ शकतो, पण राज्य सरकारची पूर्वमंजुरी असेल तरच. हे कलम पोलीस तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त नुकसान करते असे माझे मत आहे, कारण खात्यातल्या चौकशीची वाट पाहण्यातच सहा महिने निघून जातात.

तिसरी, राज्य मानवी हक्क आयोग. मुदत घटनेपासून एक वर्ष. भरपाईची शिफारस होऊ शकते. मात्र तेच प्रकरण दुसऱ्या आयोगापुढे असेल तर आयोग ते हाती घेत नाही.

चौथी, पोलीस तक्रार प्राधिकरण. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पोलिसांबाहेरच्या यंत्रणेने तपासाव्यात हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह प्रकरणात दिला. याचिका करणारे प्रकाश सिंह स्वतः माजी पोलीस महासंचालक. न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्या सांगितल्या होत्या. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात बदल करताना जिल्ह्याऐवजी महसूल विभाग धरला. त्यामुळे ठाण्याचा माणूस कोकण विभागात येतो, ज्यात मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतचे सात जिल्हे आहेत. विभागीय प्राधिकरणाचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात, सदस्यांत नागरी समाजातली व्यक्तीही असते. साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. शिक्षा करण्याचा अधिकार नाही. अहवाल द्यायचा, पुढचे सरकारने करायचे.

पाचवी वाट, काहीच न करणे. आईने ती बराच वेळ खरोखर विचारात घेतली. "उद्या पुन्हा उचलला तर?" हा तिचा प्रश्न होता आणि त्याला कुणाकडेच पक्के उत्तर नव्हते. चॅप्टर केसची, म्हणजे चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घेणाऱ्या प्रतिबंधात्मक कारवाईची, भीती तर चाळीत प्रत्येकाला माहीत असते.

निर्णय मुलाने घेतला. त्याला पैसे नको होते. "डायरीत लिहिलंय ते खोटं आहे, एवढं कुणीतरी लिहून द्यावं," असे तो म्हणाला. या एका वाक्याने वाट ठरली. भरपाई हवी असती तर मानवी हक्क आयोग योग्य होता. डायरीची नोंद तपासून घ्यायची तर कागद मागवू शकणारे, पोलिसांना समोर बसवून विचारू शकणारे प्राधिकरण जास्त जवळचे. खात्यातला अर्ज तेवढा सोबत ठेवायचा ठरला, कारण तो दिला नसता तर 'वरिष्ठांकडे गेलाच नाहीत' असे ऐकावे लागले असते.

काय केले, आणि कुठे अडले

सीसीटीव्ही. मंगळवारी दुपारीच पोलीस ठाण्यात अर्ज दिला: शनिवार रात्री १० ते रविवार सकाळी ९ पर्यंतचे फुटेज जपून ठेवावे. प्रती उपायुक्त आणि आयुक्त कार्यालयाला, प्रत्येकीवर आवक शिक्का. आधार परमवीर सिंह सैनी प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या निकालाचा. प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वारापासून मार्गिका, कोठडी, अधिकाऱ्यांच्या खोल्यांपर्यंत आवाजासह कॅमेरे असावेत, फुटेज १८ महिने, निदान एक वर्ष तरी राहावे आणि कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखाची, असे त्यात म्हटले आहे. जिल्हा पातळीवर देखरेख समिती हवी आणि तिच्यात महापौरही हवेत, हेही त्याच निकालात आहे.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एक विषय, १५० शब्दांत. उत्तर आले, सुरक्षेच्या कारणास्तव फुटेज देता येत नाही. पहिले अपील केले. अपिलाच्या उत्तरात कारण बदलले: व्हरांड्यातला कॅमेरा त्या आठवड्यात नादुरुस्त होता. दोन उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत हे वकील ताईंनी लगेच हेरले. फुटेज कधीच मिळाले नाही, पण ही दोन उत्तरे पुढे कामाला आली.

फोन. दोन दिवसांनी ओळखीच्या एका राजकीय कार्यकर्त्यामार्फत निरोप आला. 'तक्रार नाही' असे लिहून द्या, फोन घेऊन जा, एनसीचे पण बघू. घरात दोन मते पडली. फोन नसल्याने मुलाचे काम बंद होते, स्कूटरचा हप्ता तोंडावर होता. मामा म्हणाले, लिहून देऊ, नंतर बघू. त्यांना दोष देता येणार नाही; रोज कमावून खाणाऱ्या घराचा तो सरळ हिशेब होता. वकील ताईंनी वेगळा रस्ता काढला. फोनचे बिल आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, जोडून लेखी मागणी केली: 'आपल्या ताब्यातील माझा फोन परत मिळावा.' सहाव्या दिवशी फोन मिळाला. देताना अंमलदाराने सवयीने पोच लिहून घेतली आणि एक प्रत मुलाला दिली. तीवर तारीख, वेळ आणि 'पोलीस ठाण्यात जमा असलेला मोबाइल' हे शब्द होते. ३५ मिनिटांत समज देऊन सोडलेल्या माणसाचा फोन सहा दिवस का जमा होता, याचे उत्तर त्यानंतर कुणालाच देता आले नाही. तडजोडीचा कागद तर दिलाच नाही.

शपथपत्र. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. प्राधिकरण कोणत्या गैरवर्तनाची दखल घेते याची यादी कायद्यात आहे: कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, विहित पद्धत न पाळता अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे, आणि कायद्याचे किंवा अधिकाराचे अन्य गंभीर उल्लंघन. कुटुंबाला मारहाण वर हवी होती. साहजिकच, दुखणे तेच होते. पण कायद्यातली 'गंभीर दुखापत' ही ठरावीक व्याख्येची गोष्ट आहे. कानाबद्दल बोलायचे तर ऐकू येणे कायमचे जायला हवे. मुलाच्या पडद्याचे छिद्र भरून येत होते. तक्रार मारहाणीवर उभी केली असती तर पहिल्याच सुनावणीत ती दुखापतीच्या व्याख्येत अडकली असती. म्हणून मुख्य मुद्दा 'पद्धत न पाळता रात्रभर डांबून ठेवणे' हा घेतला, मारहाण त्यातली घटना म्हणून मांडली.

'चहापाण्या'चे काय करायचे? पैसे दिले नव्हते, कुणी मागितले त्याचे नाव माहीत नव्हते, साक्षीदार फक्त मामा. शपथपत्रावर सिद्ध न होणारे वाक्य घातले तर उरलेल्या वाक्यांवरही संशय येतो. शेवटी एकच ओळ ठेवली: मामांनी काय ऐकले, कुठे, किती वाजता. विशेषणे नाहीत. त्या एका ओळीवरून घरात भांडण झाले, पण मला ती ओळ आजही योग्य वाटते.

खात्याची चौकशी

सहायक आयुक्तांच्या कार्यालयाने जबाब घेतले. मुलाचा जबाब घेताना आजूबाजूला त्याच पोलीस ठाण्यातले दोन अंमलदार बसले होते. आईने हरकत घेतल्यावर ते उठले. काही महिन्यांनी एका ओळीचे पत्र आले: 'आपल्या अर्जात तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.' म्हणजे अर्ज बंद. कुणाचे जबाब घेतले, काय पाहिले, काही नाही. मुलाने ते पत्र वाचून घडी करून ठेवले आणि विचारले, "आता?" प्राधिकरणाकडची तक्रार तोपर्यंत दाखल झालेली होती, हे बरे झाले.

सुनावणी

पोलीस ठाण्याने लेखी म्हणण्यासोबत डायरीची प्रत दिली: ११.१० ते ११.४५. प्राधिकरणाने ११२ च्या नोंदी थेट मागवल्या. त्यात रहिवाशाचा कॉल होता आणि आईचा २.०५ चा कॉलही, तिच्या म्हणण्याच्या सारांशासह. स्कूटरचा फोटो मूळ फोनमधून दाखवला. कामाच्या ॲपमध्ये मुलाचा फोन रात्री ११ नंतर बंद झाल्याचे दिसत होते. फोनची पोच होती.

यानंतर पोलीस ठाण्याचे म्हणणे बदलले. मुलाला ११.४५ ला सोडले होते, पण रात्री वाहन मिळणार नाही म्हणून तो स्वतःहून आवारात थांबला. अध्यक्षांनी विचारले, "त्याची स्कूटर आवारात होती ना? आणि मामा रिक्षा घेऊन फाटकाबाहेर होते ना?" त्यावर उपनिरीक्षक गप्प राहिले. मग प्रतिबंधात्मक कारवाई म्हणून बसवले होते असे आले. प्रतिबंधात्मक अटक संहितेच्या कलम १७० खाली करता येते, पण तीही अटकच. तिचीही नोंद लागते.

निकाल

प्राधिकरणाच्या अहवालात रात्रभर बेकायदा बसवून ठेवल्याचे आणि डायरीत चुकीची नोंद केल्याचे सिद्ध धरले. फुटेजबाबतच्या परस्परविरोधी उत्तरांवर प्रतिकूल शेरा आला. मारहाणीची शक्यता नाकारता येत नाही, परंतु वैद्यकीय तपासणी दोन दिवसांनी झाल्याने ती निर्विवाद सिद्ध होत नाही, असे म्हटले. पैसे मागितल्याचा आरोप सिद्ध झाला नाही. उपनिरीक्षक आणि एक हवालदार यांच्यावर विभागीय कारवाईची शिफारस झाली.

पुढे एकाची एक वेतनवाढ रोखली गेली, दुसऱ्याला सक्त ताकीद. गुन्हा नोंदवला गेला नाही. कलम १६१ ची सहा महिन्यांची मुदत अहवालाच्या आधीच संपली होती. मुलावरची एनसी अजून तशीच आहे. त्याने काम बदलले. आता भिवंडीकडच्या एका गोदामात जातो. डायरी खोटी होती हे लिहून मिळाले, त्याला तेवढेच हवे होते. मला ते पुरेसे वाटत नाही, आणि आईलाही वाटत नाही.

वेगळे काय करता आले असते

वैद्यकीय तपासणी रविवारी सकाळीच व्हायला हवी होती. इथे दोष मुलाला नाही. मार खाऊन आलेला माणूस आधी झोपतोच. पण दोन दिवसांची किंमत अहवालात स्पष्ट दिसते. घरातल्या एकाने तरी ही गोष्ट डोक्यात ठेवायला हवी: आधी सरकारी रुग्णालय, मग झोप. दिसणाऱ्या वळांचे फोटो घरीच, त्याच दिवशी.

'चहापाणी' ऐकल्यावर त्याच दिवशी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवता आले असते. सापळा पैसे देण्याआधी लागतो; नंतर उरतो तो फक्त शब्दाविरुद्ध शब्द.

सगळ्यात मोठा प्रश्न सहा महिन्यांचा. प्राधिकरण आणि न्यायदंडाधिकारी या दोन वाटा एकाच वेळी चालवायच्या नाहीत असे आम्ही ठरवले, कारण एका घराची तेवढी ताकद नव्हती. वकील ताईंचे आजचे मत असे की पाचव्या महिन्यात निदान खासगी तक्रार दाखल करून मुदत वाचवायला हवी होती. माझे मत अजून पक्के झालेले नाही. रोज कोर्टनाक्यावर जाणे म्हणजे आईचा रोज बुडणे, आणि दोन ठिकाणी दिलेल्या जबाबांत एका शब्दाचा फरक पडला तरी तो मुलाविरुद्ध वापरला गेला असता. पण दार बंद झाल्यावर ते उघडता येत नाही, हेही खरे.

पोलीस ठाण्याच्या बाजूनेही वाट सोपी होती. कायदेशीर नोटीस देऊन त्याला रात्रीच घरी पाठवता आले असते. सोसायटीतल्या बाचाबाचीला त्याहून जास्त काही लागत नव्हते. बसवलेच होते, तर अटक दाखवून आईला सांगायला हवे होते. फाटकाशी आलेल्या आईला 'आत आहे, असा असा विषय आहे, सकाळी सोडू' एवढे सरळ सांगितले असते तर ती कदाचित तक्रारीला गेलीच नसती, असे ती स्वतः म्हणाली.

प्राधिकरणाबद्दल दोन गोष्टी मनापासून मागाव्याशा वाटतात. तक्रार दाखल होताच, सुनावणीची वाट न पाहता, फुटेज आणि ११२ च्या नोंदी जपून ठेवण्याचा आदेश त्याच दिवशी निघावा. या प्रकरणात ११२ ची नोंद वाचली आणि फुटेज गेले. वाचलेल्या नोंदीवर सगळा निकाल उभा राहिला. आणि प्राधिकरणाच्या शिफारशीवर सरकारने काय केले, हे तक्रारदाराला लेखी कळवले जावे. वेतनवाढ रोखल्याचे आईला पत्राने कळले नाही. माहिती अधिकाराचा आणखी एक अर्ज करावा लागला, पुन्हा १५० शब्दांत, आणि त्या अर्जावर तिने स्वतःच्या हाताने सही केली.